नदीच्या या काठचा परवाना त्या काठी चालतो का?

मरेकाठची (धागाकर्ती)

आमच्या घरापासून शाळा गाडीनं बारा मिनिटांवर आहे आणि तेवढ्यात राज्य बदलतं. राहते ऑस्ट्रेलियात, वोडोंगाला, म्हणजे व्हिक्टोरिया राज्यात. शाळा आल्बरीला, म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये. मधे मरे नदी. (नावावरचे सगळे विनोद सासऱ्यांनी करून झालेत. नवीन असेल तरच लिहा.)

सहा वर्षं वोडोंगातच गणित शिकवत होते, शिक्षक म्हणून नाव व्हिक्टोरियाच्या नोंदवहीत. यंदा पलीकडच्या शाळेत जागा निघाली, अर्ज केला, निवड झाली, आणि पोटात गोळा आला. कारण व्हिक्टोरियात नाव लागेपर्यंत काय काय झालं होतं ते सगळं आठवलं. या देशात शिक्षक म्हणून यायचं तर निदान ४५ दिवस प्रत्यक्ष वर्गावर, कुणाच्या तरी देखरेखीखाली शिकवल्याचा पुरावा लागतो. माझ्या बी.एड.च्या गुणपत्रिकेत ‘सराव पाठ’ आणि त्यापुढं गुण, एवढंच. दिवस कोण मोजतंय? भावानं कोल्हापूरला कॉलेजच्या तीन खेपा घातल्या. शेवटी एका क्लार्कबाईंनी माळ्यावरून छात्राध्यापकांचं जुनं हजेरी रजिस्टर काढलं, धूळ झटकून दिवस मोजले आणि लेटरहेडवर टाइप करून दिले. त्या बाईंना मी दर दिवाळीला फोन करते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्यात आणि ऐकण्यात ८ हवेत, वाचण्या-लिहिण्यात ७. बोलण्यात पहिल्यांदा साडेसात आले. पुन्हा फी.

मला वाटलं, आता नदीपलीकडे हे सगळं पहिल्यापासून. तर तसं काहीच नाही. १९९२ सालचा इथला केंद्राचा कायदा आहे, १९९३ च्या मार्चपासून लागू. त्याचा गाभा दोन वाक्यांचा. एका राज्यात जी वस्तू कायदेशीर विकता येते ती दुसऱ्या राज्यातही विकता येईल. आणि एका राज्यात ज्या व्यवसायासाठी तुमची नोंदणी झालीय, त्याच कामासाठी दुसऱ्या राज्यानं तुम्हाला नोंदवून घ्यायचं. नव्या राज्यानं पदवी पुन्हा चाळायची नाही, परीक्षा घ्यायची नाही. पहिल्या राज्याची नोंद खरी आहे ना आणि काम तेच आहे ना, एवढंच बघायचं. त्यासाठी मुदत एक महिना, आणि रीतसर अर्ज दाखल झाला की निर्णय लागेपर्यंत तुम्ही नोंदलेलेच धरले जाता. कोल्हापूरचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. मला तर थोडं वाईटच वाटलं, एवढं जपून ठेवलेलं ते पत्र कुणी बघितलंच नाही म्हणून!

पण मग शाळेतून निरोप आला: मुलांबरोबर काम करणाऱ्यांची जी सरकारी तपासणी असते, तिचा नंबर द्या. व्हिक्टोरियात नोंदणीकृत शिक्षकांना ती वेगळी काढावी लागत नाही, नोंदणीतच येते. न्यू साउथ वेल्समध्ये लागते, आणि ती त्याच राज्याची लागते. परत पासपोर्ट, परत पत्त्याचे पुरावे.

म्हणजे माझं गणित नदी ओलांडतं, माझं चारित्र्य ओलांडत नाही. तुमच्याकडे कसं आहे? भारतात राज्य बदलून काम करणाऱ्यांनी जरूर लिहा.

गेजमास्तर

आल्बरी म्हटल्यावर आम्हाला फक्त प्लॅटफॉर्म आठवतो. १८८३ साली तिथं दोन्ही बाजूंचे रूळ भेटले, पण सिडनीकडच्या रुळांमधलं अंतर १४३५ मिमी आणि मेलबर्नकडच्या १६०० मिमी. उतरा, सामान उचला, समोरच्या गाडीत बसा. १८९५ मध्ये मार्क ट्वेनलाही हाच वनवास घडला, तोही पहाटे, आणि त्यानं तो वैतागून लिहूनही ठेवलाय. हे प्रकरण १९६२ पर्यंत चाललं, तेव्हा कुठं मेलबर्नपर्यंत १४३५ चा रूळ गेला. तुमचा परवाना आणि हा रूळ, भानगड एकच. फक्त रूळ उखडून बदलावा लागला आणि तुमच्या बाबतीत ‘तुझा रूळ मला चालेल’ म्हणून भागलं.

वायरमन_दादा

मास्तर, तिथंच तर मेख आहे. ‘तुझा रूळ मला चालेल’ असं म्हणायला रुळाची रुंदी आधीच जवळपास सारखी असावी लागते.

माझी गोष्ट. नाशिकला आयटीआय, मग वायरमनचा परवाना, मग सातपूरला दहा वर्षं पॅनल भरले. ऑकलंडला आलो तेव्हा तो परवाना कुणी हातात पण घेतला नाही. देखरेखीखाली काम, परीक्षा, मगच नोंदणी. पुढं ब्रिस्बेनला आलो तर न्यूझीलंडची नोंदणी दाखवली आणि काम झालं. तुमचा जो राज्याराज्यांतला कायदा आहे ना ताई, त्याचंच लांबचं भावंड आहे हे, समुद्रापलीकडचं. १९९८ च्या मे महिन्यापासून चालू. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एकमेकांचे इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्स, शिक्षक मानतात. डॉक्टर तेवढे त्यातून वगळलेत.

पण का मानतात? कारण वायरिंगचं पुस्तकच एक आहे. एएस/एनझेडएस ३०००. अर्थिंग कसं करायचं, आरसीडी (शॉक बसू नये म्हणून वीज तोडणारा स्विच) कुठं लावायचा, दोन्हीकडं तेच. सॉकेटचा आकारपण तोच, तिरक्या पिनांचा. नाशिकच्या परवान्याला असं भावंड नाही, म्हणून तो ट्रंकेत.

आणि दुसरं. २०२१ च्या १ जुलैपासून इथं याच्याही पुढची पायरी आलीय, आपोआप मान्यतेची. दुसऱ्या राज्यात वेगळी नोंदणी नको, दुसरी फी नको, घरच्या परवान्यावर काम करा. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि दोन्ही टेरिटऱ्या पहिल्या झटक्यात आल्या. आमचं क्वीन्सलँड सुरुवातीला बाहेरच राहिलं. तुमच्या आल्बरी-वोडोंगासारखंच आमच्याकडं कूलंगाटा आणि ट्वीड हेड्स. एका रस्त्याच्या दोन बाजू, दोन राज्यं. उन्हाळ्यात तर रस्ता ओलांडला की घड्याळ तासाभरानं पुढं, कारण क्वीन्सलँड घड्याळं बदलत नाही. अलीकडं स्विचबोर्ड बसवायचा आणि पलीकडं बसवायचा, वायर तीच, पक्कड तीच.

तर्कटराव

सगळे खूश दिसताहेत, म्हणून थोडं मीठ टाकतो.

एकमेकांचे परवाने मानले की लोक सर्वात सोपी खिडकी शोधतात. न्यूझीलंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची आणि तिथं एक दिवसही काम न करता त्या नोंदणीवर ऑस्ट्रेलियाचा अर्ज टाकायचा, हा मार्ग आपल्याकडच्या एजंटांनी उघड विकला. त्यात मुलींची चूक नाही, दार उघडं होतं. पण न्यूझीलंडच्या नोंदणी मंडळाचं काय झालं? परदेशी नर्सेसचे कागद तपासायचे त्यांनी आणि माणूस मिळणार शेजाऱ्याला. २०२३ च्या डिसेंबरपासून त्यांनी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षाच लावली.

वस्तूंचंही तसंच. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या खाद्यनियमांत एनर्जी ड्रिंकला जागाच नव्हती. न्यूझीलंडमध्ये तेच पेय आहारपूरक म्हणून चालायचं. तिथं कायदेशीर, म्हणून इथंही कायदेशीर! डबे आधी दुकानात आले आणि त्यांच्यासाठीचा नियम २००१ मध्ये, मागाहून धापा टाकत आला. विश्वास वगैरे ठीक आहे, पण यात सगळ्यात ढिला नियम असतो तोच सगळ्यांचा नियम होऊन बसतो.

वायरमन_दादा

तर्कटराव, ढिली खिडकी असेल तर ती घट्ट करा की. न्यूझीलंडनं तेच केलं. तुमचं म्हणणं असं झालं, एका दुकानात वजनात मारतात म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकानं स्वतःचा तराजू घेऊन फिरायचं.

पांढरी_टोपी

टोपी आता कुणी घालत नाही, नाव जुनं आहे.

भारतातलं मी सांगते. मिरजेला जीएनएम (नर्सिंगची पदविका), महाराष्ट्राच्या परिषदेकडे नोंदणी, सात वर्षं आयसीयू. लग्नानंतर दुसऱ्या राज्यात गेले. (राज्याचं नाव लिहीत नाही, अजून तिथंच नोकरी आहे.) कायदा विचाराल तर आपलाही जुना आणि चांगला आहे. १९४७ चा नर्सिंग परिषदेचा कायदा. मान्यताप्राप्त पात्रता असेल तर ती देशातल्या कुठल्याही राज्याच्या नोंदवहीत नाव लागायला पुरेशी आहे, असं त्यात सरळ लिहिलंय. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पंचेचाळीस वर्षं आधी!

प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. नव्या परिषदेला जुन्या परिषदेकडून पडताळणीचं पत्र हवं. ते माझ्या हातात द्यायचं नाही, परस्पर पाठवायचं. जुनी परिषद म्हणते पाठवलं. नवी म्हणते मिळालं नाही. मी दोन्हीकडे फोन करते आणि दोन्हीकडे जेवणाची सुट्टी. पाच महिने. तोवर हॉस्पिटलनं मला ‘ट्रेनी’ म्हणून ठेवलं. काम आयसीयूचंच, व्हेंटिलेटर मीच लावणार, पण पगार ट्रेनीचा आणि सही दुसऱ्या सिस्टरची. एकदा रात्री इनोट्रोप (हृदयाला जोर देणारं औषध) सुरू करताना ती ‘मी सही करते, पण तू बघ गं’ म्हणाली. माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिचं चुकलं असं नाही, पण त्या वाक्याचा राग अजून गेला नाही.

म्हणून मरेकाठची, तुझ्या धाग्यातली मला हेवा वाटलेली गोष्ट एकच. ‘अर्ज टाकल्यापासून नोंदलेली धरायची’. आमच्याकडे मान्यता आहे, मुदत नाही. मुदत नसली की मान्यता म्हणजे नुसता आशीर्वाद.

काळा_कोट

पांढरी_टोपी, शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

वकिलांचं मात्र बरं आहे. सनद एका राज्याच्या बार कौन्सिलची, पण १९६१ च्या कायद्याच्या कलम ३० नं भारतभर कुठल्याही कोर्टात उभं राहता येतं. गंमत म्हणजे कायदा १९६१ चा आणि हे कलम लागू झालं १५ जून २०११ ला. पन्नास वर्षं पुस्तकात झोपून होतं. नाव एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या राज्याच्या यादीत हलवायचं तर कलम १८, आणि त्याला कायद्यानुसार फी नाही.

गाड्यांचं तर सगळ्यांनाच माहीत आहे. लायसन देशभर चालतं, पण एमएच पासिंगची गाडी बारा महिन्यांहून जास्त बंगळुरात ठेवली की नवा नंबर, नवा कर. बदलीच्या नोकऱ्यांसाठी २०२१ मध्ये बीएच मालिका काढली, ती सगळ्यांना मिळत नाही. चालवणारा भारताचा, गाडी राज्याची.

तिलारी

धाग्यात वस्तूंबद्दल कुणी फार बोलत नाही, म्हणून मी काजू घेऊन आलो.

आमची बाग दोडामार्ग तालुक्यात, वेंगुर्ला ७ ची कलमं. गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. मार्च-एप्रिलमध्ये बी काढून घेतली की बोंडांचा खच पडतो. पलीकडे त्याच बोंडाचा रस काढतात, आंबवतात, भट्टी लावतात, हुर्राक निघतो, मग फेणी. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं वारसा पेय ठरवलं. अलीकडे आमच्याकडे तेच बोंड झाडाखाली सडतं, माश्या घोंगावतात आणि सरपंच औषध मारायला सांगतो.

बरं, फेणी आम्ही करायची नाही, पण गोव्याची बाटली सावंतवाडीच्या दुकानात तरी यावी? तेही नाही. गोव्याच्या अबकारी कायद्यात ती वर्षानुवर्षं ‘देशी दारू’च्या खान्यात. देशी दारू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला नेणं म्हणजे बंद दारावर डोकं आपटणं. बाटलीवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ आणि पत्रादेवी ओलांडली की बांद्याला तपासणी. स्कॉटलंडची दारू समुद्र ओलांडून सावंतवाडीत मिळते, पेडण्याची मिळत नाही. माका विचारशात तर ह्या नाक्यावर हसूचा की रडूचा कळणा नाय.

युरोपात नेमकी अशीच केस झाली होती. फ्रान्सची एक फळांची गोड दारू, कासी द दिजाँ, १५ ते २० टक्क्यांची. जर्मनीचा नियम असा की फळांच्या लिकरमध्ये निदान २५ टक्के अल्कोहोल हवंच. आयात अडवली. वर जर्मन सरकारचा युक्तिवाद काय, तर सौम्य दारूनं लोकांना सवय लागते, कडक दारूपेक्षा जास्त! २० फेब्रुवारी १९७९ ला युरोपीय न्यायालयानं ते उडवून लावलं. एका सभासद देशात रीतसर बनवून विकली जाणारी वस्तू दुसऱ्यानं सबळ कारणाशिवाय अडवायची नाही. टक्केवारी लेबलवर लिहा, घेणारा वाचेल. युरोपातली आज वस्तूंची जी मोकळी ये-जा दिसते तिच्या मुळाशी ही एक बाटली आहे.

तर्कटराव

तिलारी, पण आपल्याकडे घटनेचं कलम ३०१ आहे ना? देशभर व्यापार मुक्त असेल म्हणून?

काळा_कोट

आहे. आणि पुढच्याच कलमांमध्ये त्याला अपवादही आहेत. शिवाय दारूच्या धंद्याचा मूलभूत हक्क कुणालाच नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्वच्छ सांगितलंय. आपल्याकडची कासी कोर्टात पहिल्याच तारखेला आडवी होईल.

बर्फातला_मावळा

कॅनडातही आडवी झाली! न्यू ब्रन्सविकच्या कोमो नावाच्या निवृत्त गृहस्थांनी २०१२ मध्ये शेजारच्या क्युबेकमधून बिअरचे १४ खोके आणि दारूच्या ३ बाटल्या आणल्या, कारण तिकडे स्वस्त. पोलिसांनी वाटेत धरलं. दंड २९२.५० डॉलर. घटनेच्या १२१ व्या कलमात लिहिलंय की एका प्रांताचा माल दुसऱ्यात ‘मुक्त’ येईल. खालच्या कोर्टात जिंकले, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सगळे न्यायाधीश एकमतानं त्यांच्या विरुद्ध. मुक्त म्हणजे जकातमुक्त, बाकी प्रांताचे नियम राहतील.

अमेरिकेनं आयात शुल्काचा बडगा उगारला तेव्हा मात्र इथं सगळ्यांना आपसातल्या भिंती एकदम दिसायला लागल्या. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रानं कायदा केला: प्रांताच्या नियमात बसणारी वस्तू किंवा परवाना केंद्राच्या तत्सम नियमातही बसला असं मानायचं. पण प्रांता-प्रांतांमधलं प्रांतांनाच सोडवायचंय. बायको ऑन्टारियोत फिजिओ आहे, आणि अल्बर्टाला जायचं म्हटलं की तिच्या कपाळावर आठी पडते.

श्टुटगार्टकर

पांढरी_टोपीसाठी थोडक्यात. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा गावाकडून फोन आले, ‘आता आपलं सर्टिफिकेट तिकडं चालतं ना?’ नाही चालत. करारानं रस्ता दाखवला, मान्यता दिली नाही. इथलं कार्यालय तुमचा अभ्यासक्रम तासांसकट जुळवून बघतं आणि उणिवांची यादी देतं. मग एक तर हॉस्पिटलात पूरक प्रशिक्षण, नाही तर ज्ञानाची परीक्षा. शिवाय जर्मन भाषा, साधारण बी-टू पातळीची. एकदा परिचारिकेचा दाखला हातात आला की मात्र तो सगळ्या जर्मनीत चालतो. हँबुर्गला गेलात तरी कुणी मिरजेचे तास मोजत नाही.

मरेकाठची

वाचतेय सगळं, पेपर तपासणी चालू आहे म्हणून उशीर.

पांढरी_टोपी, त्या ‘तू बघ गं’ वर मी फार वेळ थांबले. पहिलं वर्षभर मलाही वर्गात मागं एक जण बसायचा.

तर्कटराव, तुमचा मुद्दा मला चारित्र्य तपासणीच्या बाबतीत पटतो, पण उलट्या बाजूनं. पाळणाघरांमधली भयंकर प्रकरणं बाहेर आल्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या राज्यांच्या कायदामंत्र्यांनी ठरवलं, की एका राज्यानं ज्याला नाकारलं त्याला सगळ्यांनी नाकारायचं. म्हणजे तोवर एका काठावर नाकारलेल्या माणसाला दुसऱ्या काठावर निदान अर्ज तरी करता येत होता. माझा होकार नदी ओलांडत नाही याची मी तक्रार करत होते, इथं इतकी वर्षं नकारसुद्धा ओलांडत नव्हता. आता परत पासपोर्ट दाखवायची कुरकुर मी करणार नाही. निदान कमी करीन.

गेजमास्तर, तुमचा तो प्लॅटफॉर्म अजून आहे, चालून दम लागतो.

आणि कुणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलं, नदी कुणाची? सगळी न्यू साउथ वेल्सची, थेट दक्षिण काठाच्या वरच्या कडेपर्यंत. त्यामुळे आमचे हे रविवारी व्हिक्टोरियाच्या जमिनीवर खुर्ची टाकून बसतात, गळ न्यू साउथ वेल्सच्या पाण्यात, आणि खिशात मासेमारीचा परवाना न्यू साउथ वेल्सचा. व्हिक्टोरियाचाही आहे, तो वर ह्यूम धरणावर लागतो. दोन परवाने. मासा अजून एकही नाही.

नवी_वही

ताई, मी इचलकरंजीची. बी.एस्सी. बी.एड., आठवीला गणित शिकवते. आम्ही ऑस्ट्रेलियाचा विचार करतोय. मग कुठल्या राज्यात आधी नोंदणी करावी? सोपं राज्य कुठलं?

मरेकाठची

तर्कटराव, पाहिलंत, खिडकी शोधणं सुरू!

नवी_वही, राज्याचं नंतर बघ. जिथं नोकरी मिळेल तिथं कर, पुढं हलता येतं. सगळा घाम पहिल्या दारात आहे आणि ते दार सगळ्यांना एकच. तू आत्ता एकच काम कर. या आठवड्यात कॉलेजात जा आणि सराव पाठ कुठल्या शाळेत, कुठल्या इयत्तेला, किती दिवस, कुणाच्या देखरेखीखाली हे लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घे. दिवस आकड्यात लिहून घे. तारखा घे. आणि प्राचार्य निवृत्त व्हायच्या आत जा. माझे झाले होते, म्हणून तर त्या क्लार्कबाईंना माळ्यावर चढावं लागलं.